एका ब्रिटिश युरोखासदाराची नोंद कशी लिहावी

वर्तमानपत्राच्या कात्रण विभागात माझी अठ्ठावीस वर्षं गेली. कात्री, खळ, तारखेचा रबरी शिक्का आणि भिंतभर लाकडी खण. निवृत्त झाल्यावर एका परिचयकोशासाठी परदेशी राजकारण्यांच्या नोंदी लिहू लागले आणि आता नव्याने लिहिणाऱ्यांना दोन गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे येतं. मी दर वेळी एकच माणूस समोर ठेवते: हेन्री प्लम. युरोपियन संसदेच्या प्रमुखपदी बसलेला एकमेव ब्रिटिश माणूस. त्याच्या नोंदीत घसरायच्या जागा इतक्या आहेत की एवढी एक नोंद नीट जमली तर बाकीच्या सोप्या जातात. त्यातल्या बहुतेक जागी मी स्वतः घसरलेली आहे, म्हणून हे लिहिते.

सुरुवात नावापासून करा. इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी 'बी' आहे, पण तो उच्चारात नाही. प्लम. मी जिथे काम करायचे तिथे आधी 'प्लंब' छापून आलं आणि एकदा तर खिळे जुळवणाऱ्याने की मुद्रितशोधकाने कोण जाणे, 'लॉर्ड प्लंबर' करून टाकलं. दुसऱ्या दिवशी एका वाचकाने पोस्टकार्डावर विचारलं, नळ दुरुस्त करणारे लॉर्ड कुठे मिळतात? ते कार्ड मी बरीच वर्षं जपून ठेवलं होतं. याच माणसाच्या नोंदीत 'वॉरिकशायर' येतं, 'वॉर्विकशायर' नाही. स्पेलिंग बघून देवनागरी लिहायची नाही, ऐकून लिहायची.

नावाच्या जोडीला पदवी येते. १९७३ साली त्यांना नाइटहुड मिळालं, १९८७ साली ते लॉर्ड झाले. 'सर' पहिल्या नावाला चिकटतं, 'लॉर्ड' आडनावाला. म्हणजे 'सर हेन्री' आणि 'लॉर्ड प्लम'. 'सर प्लम' आणि 'लॉर्ड हेन्री' ही दोन्ही रूपं चूक. जानेवारी १९८७ मध्ये संसदेच्या प्रमुखपदाची निवडणूक जिंकली ती सर हेन्रींनी, आणि १९८८ साली पोपमहाशयांचं स्वागत केलं ते लॉर्ड प्लम यांनी. माणूस तोच, पण वाचकाला एका वाक्यात सांगून टाका, नाहीतर त्याला वाटतं दोन माणसं आहेत. हे मी कल्पनेने सांगत नाही. आमच्या खणात खरोखरच दोन वेगळी पाकिटं होती, एक 'प्लम, सर हेन्री' आणि दुसरं 'लॉर्ड प्लम', आणि ती एकत्र करायला मला सहा वर्षं लागली.

आता खरं काम. एक कोरा कागद घ्या आणि तीन उभे रकाने पाडा: पद, सभागृह किंवा संस्था, कधीपासून कधीपर्यंत. मधला रकाना कधीही रिकामा ठेवायचा नाही. युरोपच्या राजकारणात 'अध्यक्ष', 'परिषद', 'सदस्य' हे शब्द इतक्या ठिकाणी येतात की खुर्ची सांगितली आणि ती कुठल्या दालनातली ते सांगितलं नाही, तर काहीच सांगितलं नाही असं होतं. मी सगळं शिकवते ते एवढंच आहे. बाकी त्याचा पसारा.

पहिला घोटाळा 'ब्रिटिश खासदार' या शब्दाचा. प्लम ब्रिटिश होते आणि खासदारही होते, पण ते वेस्टमिन्स्टरच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये एक दिवसही बसले नाहीत. १९७९ ते १९९९ अशी वीस वर्षं ते युरोपियन संसदेचे सदस्य होते, कॉट्स्वोल्ड्स मतदारसंघातून. लॉर्ड झाल्यावर वेस्टमिन्स्टरच्या वरच्या सभागृहात जागा मिळाली, ती वेगळी ओळ. मी 'युरोखासदार' असा शब्द वापरते. काहींना तो खटकतो; मला सोयीचा वाटतो. उलट बाजूने बघा: बार्बरा कासल १९४५ ते १९७९ कॉमन्समध्ये होत्या आणि मग १९७९ ते १९८९ युरोपियन संसदेत. उत्तर आयर्लंडचे प्रॉटेस्टंट नेते इअन पेझली एकाच वेळी दोन्हीकडे होते. म्हणजे प्रत्येकाचा कागद वेगळा भरावा लागतो, एकाचा साचा दुसऱ्याला चालत नाही.

मतदारसंघाबद्दल एक ओळ जरूर लिहा, कारण तिच्यात एक काळ दडलेला असतो. युरोपियन संसदेची पहिली थेट निवडणूक जून १९७९ मध्ये झाली. ब्रिटनला ८१ जागा होत्या. उत्तर आयर्लंडच्या ३ सोडल्या तर उरलेल्या ७८ जागांवर आपल्या लोकसभेसारखीच पद्धत: एक मतदारसंघ, एक माणूस, ज्याला जास्त मतं तो निवडून. मतदान जेमतेम ३२ टक्के झालं. हुजूर पक्षाने ८१ पैकी ६० जागा घेतल्या, मजूर पक्षाला १७ मिळाल्या. प्लम त्या साठांतले एक. १९९९ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये प्रादेशिक याद्या आणि प्रमाणशीर प्रतिनिधित्व आलं, म्हणून त्यानंतरच्या कुणाच्या नोंदीत 'कॉट्स्वोल्ड्सचे युरोखासदार' असं दिसलं तर समजा, लिहिणाऱ्याने जुनी नोंद उचलली आहे.

पक्षाचं नाव मराठीत लिहिताना आपल्या जुन्या पत्रकारांचे आभार मानावेत. कॉन्झर्व्हेटिव्हला 'हुजूर' आणि लेबरला 'मजूर' ही जोडी ज्याने पहिल्यांदा जुळवली त्याच्या कानाला सलाम. पण युरोपियन संसदेत माणसं पक्षाने बसत नाहीत, गटाने बसतात. प्लम ज्या गटात बसले तो युरोपियन डेमोक्रॅटिक गट: बहुसंख्य ब्रिटिश हुजूर आणि सोबत मूठभर डॅनिश. १९८२ ते १९८७ ते या गटाचे नेते होते. १९९२ मध्ये हे सदस्य ख्रिस्ती लोकशाहीवाद्यांच्या मोठ्या गटात, युरोपियन पीपल्स पार्टीत, जाऊन बसले. तुमच्या कागदावर पक्षाची एक ओळ आणि गटाच्या दोन ओळी झाल्या पाहिजेत.

आता 'परिषद'. इथे मी स्वतः तोंडघशी पडले आहे, आणि तेही छापून. युरोपियन कौन्सिल म्हणजे सदस्यदेशांच्या पंतप्रधान-राष्ट्रप्रमुखांची बैठक. नुसती कौन्सिल म्हणजे त्या-त्या खात्याच्या मंत्र्यांची बैठक, आणि प्लम यांच्या काळात कायदे तिच्या हातात होते. कौन्सिल ऑफ युरोप ही तिसरीच, १९४९ साली स्थापन झालेली, मानवी हक्कांचं न्यायालय जिच्याकडे आहे ती संस्था. तिचा युरोपीय समुदायाशी घटनात्मक संबंध नाही. आणि गंमत म्हणजे स्ट्रासबर्गमध्ये युरोपियन संसद १९९९ पर्यंत याच तिसऱ्या संस्थेच्या इमारतीत भाड्याने बसायची. ऑक्टोबर १९८८ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे ८ तारखेला कौन्सिल ऑफ युरोपच्या सभेसमोर बोलले आणि ११ तारखेला युरोपियन संसदेसमोर. शहर एक, इमारत एक, अंतर तीन दिवसांचं, संस्था दोन. माझ्या पहिल्या मसुद्यात मी दोन्ही भाषणं एक करून टाकली होती आणि प्लम यांना पहिल्या भाषणाच्या वेळी खुर्चीत बसवलं होतं.

म्हणून मी आता मराठीत तिघींना तीन नावं देते: 'युरोपीय शिखर परिषद', 'मंत्री परिषद' आणि 'कौन्सिल ऑफ युरोप' हे जसंच्या तसं. तुम्ही दुसरी नावं घ्या हवी तर, पण नोंदीच्या शेवटापर्यंत तीच ठेवा.

'प्रेसिडेंट'चंही तसंच. रॉय जेन्किन्स १९७७ ते १९८१ युरोपियन आयोगाचे प्रेसिडेंट होते, प्लम संसदेचे प्रेसिडेंट. दोघंही ब्रिटिश, दोघंही आपापल्या पदावरचे आजवरचे एकमेव ब्रिटिश. आयोगाचा प्रमुख प्रशासन चालवतो आणि कायद्याचे प्रस्ताव मांडतो. संसदेचा प्रमुख सभागृह चालवतो. मराठीत दोघांना 'अध्यक्ष' म्हटलं की घोळ पक्का. मी आयोगाला 'अध्यक्ष' आणि संसदेला 'सभापती' वापरते. आपल्याकडे विधानसभेला अध्यक्ष आणि विधान परिषदेला सभापती असतात, तेव्हा मराठी वाचकाला हा फरक अंगवळणी आहे.

तारखेशी जुळणारं नाव वापरा, हे एक. १९८७ साली 'युरोपीय संघ' नव्हता. तो मास्ट्रिख्टच्या करारानंतर, १ नोव्हेंबर १९९३ पासून. त्याआधी 'युरोपीय समुदाय'. संसदेचंही तसं: समुदायाच्या मूळ करारात तिचं नाव 'असेंब्ली' होतं, ती स्वतःला १९६२ पासून 'पार्लमेंट' म्हणवत होती, आणि करारात ते नाव अधिकृत झालं सिंगल युरोपियन अ‍ॅक्ट या दुरुस्ती-कराराने, जो १ जुलै १९८७ रोजी लागू झाला. प्लम तेव्हा सभापती होते.

इथवर सगळं खातेवहीचं काम. माणूस अजून आलेलाच नाही. तो यायला आधीची चाळीस वर्षं हवीत, आणि बहुतेक नोंदी नेमक्या तिथेच 'शेतकरी कुटुंबात जन्म' म्हणून पुढे पळतात.

२७ मार्च १९२५, अ‍ॅन्सली, वॉरिकशायर. युद्ध सुरू झालं आणि पंधराव्या वर्षी शाळा सुटली, कारण शेतावर माणूस हवा होता. पुढे बर्मिंगहॅमजवळच्या कोल्सहिलचं शेत त्यांनी सांभाळलं, दुभत्या जनावरांचं. १९६७ च्या ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये लाळ्या खुरकुताची मोठी साथ आली, चार लाखांहून अधिक जनावरं मारावी लागली. त्यानंतर ड्यूक ऑफ नॉर्थम्बरलंड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली, तिच्यात प्लम होते. १९७० ते १९७९ ते नॅशनल फार्मर्स युनियनचे अध्यक्ष. म्हणजे १ जानेवारी १९७३ ला ब्रिटन युरोपीय समुदायात गेला तेव्हा ब्रिटिश शेतकऱ्यांच्या वतीने ब्रसेल्सशी भाव करणारा माणूस हाच. १९७५ ते १९७७ तर सगळ्या समुदायातल्या शेतकरी संघटनांच्या महासंघाचा प्रमुखही. पंधराव्या वर्षी शाळा सोडलेला माणूस संसदेचा सभापती कसा झाला, याचं उत्तर इथे आहे: निवडून येण्याच्या आधीच नऊ देशांतल्या कृषिमंत्र्यांना तो नावानिशी ओळखत होता.

दुधाचा हा धागा सोडू नका. त्या काळात समुदायाच्या अर्थसंकल्पाचा सुमारे दोन तृतीयांश भाग शेतीवर जायचा. भाव ठरलेल्या पातळीखाली गेला की समुदाय लोणी आणि दूध भुकटी विकत घेऊन गोदामात भरायचा. शेतकऱ्याला भाव, आणि गोदामात लोण्याचे डोंगर. त्या भुकटीचा एक ओघ मुंबईपर्यंत आला होता. १९७० साली आपल्याकडे 'दूध महापूर' योजना सुरू झाली, तिला जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत युरोपीय समुदायाने देणगी दिलेली भुकटी आणि बटर ऑइल मिळालं. त्याचं दूध करून मुंबईसह चार महानगरांत विकायचं आणि आलेल्या पैशांतून गावोगावच्या दूध संस्था उभ्या करायच्या. मी परळला वाढले. पहाटे कार्ड घेऊन आरेच्या केंद्रावर रांगेत उभी राहायचे, काचेच्या बाटल्या, वर चंदेरी झाकण. आई म्हणायची, आज दूध भुकटीचं लागतंय. कृषी धोरण हा शब्द मला पुष्कळ नंतर कळला.

हे नोंदीत घालू नका. पण लिहिणाऱ्याला आपल्या बाजूची एक खिडकी असली तर 'शेती समितीचे अध्यक्ष' ही ओळ कोरडी राहत नाही. १९७९ ते १९८२ प्लम त्या समितीचे अध्यक्ष होते. इथे एक सावधगिरी. शेतीच्या कायद्यांवर संसदेला तेव्हा फक्त मत देता यायचं; निर्णय मंत्री परिषदेचा. दुधाचा कोटा, म्हणजे उत्पादनावरची मर्यादा, १९८४ मध्ये आला, तोही मंत्र्यांच्या निर्णयाने. कुणी 'प्लम यांनी दुधाचा कोटा लागू केला' असं लिहिलं तर खोडा. संसदेच्या हातात मोठं शस्त्र एकच होतं, सगळा अर्थसंकल्प फेटाळायचं, आणि डिसेंबर १९७९ मध्ये, थेट निवडून आल्यावर सहा महिन्यांत, तिने ते वापरलंही. भांडणाच्या मुळाशी शेतीचा खर्च होताच. शेतकऱ्यांचा पुढारी अशा वेळी शेती समितीच्या खुर्चीत बसलेला! मला या माणसाच्या आयुष्यातला सगळ्यात अवघडलेला काळ हाच वाटतो, आणि मृत्युलेखांत त्याला जेमतेम अर्धी ओळ मिळते.

सभापतिपदाची निवडणूक, २० जानेवारी १९८७. स्पेन आणि पोर्तुगाल आदल्या वर्षी आल्यामुळे सभासद ५१८ झाले होते. समोर स्पॅनिश समाजवादी एन्रिके बारोन क्रेस्पो. तिसऱ्या फेरीत, अगदी थोड्या मतांनी प्लम जिंकले. पुढे १९८९ मध्ये त्यांच्या जागी आले ते हेच बारोन क्रेस्पो. (सूचीत त्यांना 'ब'मध्ये ठेवा. स्पॅनिश माणसाचं पहिलं आडनाव बापाचं असतं, 'क'मध्ये शोधत बसू नका.) मुदत अडीच वर्षांची, हेही लिहा, संसदेच्या पाच वर्षांचे दोन भाग पाडून दोन सभापती निवडायची तिथली रीत आहे. नाहीतर वाचकाला वाटतं, यांना अर्ध्यात काढलं.

त्या अडीच वर्षांत काय झालं? इथे लोक एकदम पेझलींकडे उडी मारतात. थांबा. सिंगल युरोपियन अ‍ॅक्टमुळे संसदेला अंतर्गत बाजारपेठेच्या बऱ्याचशा कायद्यांवर दुसरं वाचन मिळालं आणि नव्या देशांच्या प्रवेशाला तिची संमती लागू लागली. जून १९८८ मध्ये संसद, मंत्री परिषद आणि आयोग यांच्यात अर्थसंकल्पाच्या शिस्तीचा करार झाला. ही दोन वाक्यं वाचायला रुक्ष आहेत, पण सभापतीची कारकीर्द यांवरच मोजायची.

आणि मग १९८८ चा तो शरद ऋतू. २० सप्टेंबरला ब्रिटिश पंतप्रधान मार्गारेट थॅचर बेल्जियममधल्या ब्रूजच्या कॉलेजात बोलल्या: ब्रिटनमध्ये सरकारची लुडबुड मागे रेटली ती ब्रसेल्समधून नवं महाराज्य लादून घ्यायला नव्हे, असा त्यांचा रोख. प्लम त्यांच्याच पक्षाचे, आणि युरोपच्या एकीकरणाचे पक्के समर्थक. तीन आठवड्यांनी, ११ ऑक्टोबरला, पोप बोलायला उभे राहिले आणि उत्तर आयर्लंडचे पेझली त्यांना ख्रिस्तविरोधी म्हणत ओरडायला लागले, हातात फलक. आजूबाजूच्या सभासदांनी फलक हिसकावले. त्यांत ऑस्ट्रियाच्या शेवटच्या सम्राटाचा मुलगा ऑटो फॉन हाब्सबुर्गही होता. प्लम यांनी ताकीद दिली आणि मग पेझलींना सभागृहाबाहेर काढायला लावलं. पोप शांत उभे होते.

दृश्य इतकं रंगतदार आहे की नोंद गिळून टाकतं. माझा नियम असा: दोन वाक्यं, जास्त नाही. आणि त्या दोन वाक्यांत प्लम यांनी काय केलं ते हवं, पेझली काय ओरडले ते नव्हे. पेझलींची नोंद वेगळी आहे, ओरडणं तिकडे जाईल. ब्रूजचं भाषण आणि हा प्रसंग मात्र शेजारी ठेवा, कारण त्याच तीन आठवड्यांत एकीकडे स्वपक्षाच्या नेत्या आणि दुसरीकडे पेझली, यांच्यामध्ये हा माणूस कुठे उभा होता ते दिसतं, तुम्हाला टिप्पणी करावी लागत नाही.

पुढचं झटपट. १९९४ ते १९९९ आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिक देशांबरोबरच्या संयुक्त सभेचे सहअध्यक्ष. १९९९ मध्ये युरोपियन संसदेतून निवृत्ती. लॉर्ड्समध्ये २०१७ पर्यंत. २०१६ च्या सार्वमतात ते युरोपीय संघात राहण्याच्या बाजूने होते. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडला. प्लम १५ एप्रिल २०२२ रोजी वारले, वय ९७. म्हणजे आपल्या पदाचा दुसरा ब्रिटिश मानकरी होण्याची शक्यता संपलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली. हे वाक्य मी माझ्या नोंदीत लिहिलं होतं, संपादकांनी काढलं. मला अजून वाटतं ते ठेवायला हवं होतं.

पडताळणीबद्दल. युरोपियन संसद आपल्या प्रत्येक माजी सदस्याची मुदतवार यादी ठेवते: कोणता गट, कोणती समिती, कोणत्या तारखेपासून. आधी ती. लॉर्ड्समधली भाषणं हॅन्सार्डमध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या कामकाजाच्या अधिकृत अहवालात. मृत्युलेख सगळ्यात शेवटी वाचा, आणि निदान दोन वाचा; ते लिहिणाऱ्यांना किस्से फार आवडतात. किस्सा दोन्हीकडे असेल आणि तारीख एकीकडेच, तर किस्सा सोडा.

पहिलं वाक्य सगळ्यात शेवटी लिहायचं. माझं असं झालं होतं, तुम्ही वेगळं करा:

'प्लम, हेन्री (२७ मार्च १९२५ – १५ एप्रिल २०२२): ब्रिटिश शेतकरी पुढारी व युरोखासदार (हुजूर पक्ष, कॉट्स्वोल्ड्स, १९७९–९९). युरोपियन संसदेचे सभापती (जानेवारी १९८७ – जुलै १९८९). या पदावरील एकमेव ब्रिटिश व्यक्ती. हाउस ऑफ कॉमन्सचे सदस्य कधीही नव्हते.'

शेवटचं वाक्य नकारार्थी आहे म्हणून एका तरुण सहकाऱ्याने ते खोडलं. मी पेन्सिलीने खाली टिंबं देऊन परत आणलं, समासात 'राहू द्या' लिहिलं, आणि दोन्ही पाकिटं एका दोऱ्याने बांधून 'प'च्या खणात ठेवली.